पुसलं तरी चिकट, घासलं तरी डाग परत: चुकतंय कुठे?

जेवणाचं टेबल मी दर रविवारी पुसायचो आणि बुधवारपर्यंत ते पुन्हा चिकट व्हायचं. कोपर टेकवून उचललं की कातडी हलकेच ओढली जायची. रात्री वर्तमानपत्र वर राहिलं तर सकाळी मथळा उलटा होऊन टेबलावर छापलेला. हे जवळजवळ वर्षभर चाललं. दर वेळी मी फवारा जास्त मारला, हात जोरात चालवला, आणि टेबल आणखी चिकट झालं. शेवटी एकदा वैतागून कडेला नखानं ओरखडलं, तर नखाखाली करड्या रंगाची मेणचट वळकटी जमा झाली. ते लाकूड नव्हतं, लाकडावरचं पॉलिशही नव्हतं. वर्षभर मारलेला 'चकाकी' देणारा फवारा होता, त्यात अडकलेल्या धुळीसकट. दर रविवारी मी टेबल लिंपत होतो.

तेव्हापासून कुणी 'कितीही पुसा, परत तसंच होतं' अशी तक्रार सांगितली, की कशानं पुसता हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, की डाग नेमका कुठे आहे? वरच्या थरावर, थराच्या आत, की थराच्या खाली? वर असेल तर साध्या पुसण्यानं जातो. आत मुरला असेल तर घासून जात नाही, पण कधीकधी युक्तीनं निघतो. खाली गेला असेल तर वरून काय वाट्टेल ते करा, तो जागचा हलत नाही. परत परत येणाऱ्या डागांपैकी बहुतेक डाग चुकीच्या मजल्यावर शोधले जातात.

हे तपासायला काही विकत आणावं लागत नाही. खोलीतला दिवा बंद करून मोबाइलचा दिवा पृष्ठभागाला जवळजवळ आडवा धरा. वर साचलेला राप असेल तर फडक्याच्या गोल फेऱ्या, ओघळ, बोटांचे ठसे उठून दिसतात. आतला डाग अशा उजेडात सपाट राहतो. मग कोपऱ्यात नख लावून बघा. शेवटी कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून तळहाताएवढाच तुकडा पुसा, मग साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं, मग कोरड्यानं. आणि २४ तास हात लावू नका. दुसऱ्या दिवशी तो तुकडा कोरडा, बाकीचं चिकट, तर तुमचा शत्रू राप आहे. तुकडाही पुन्हा चिकट झाला, तर थरच मऊ पडलाय आणि प्रकरण वेगळं आहे.

लाकूड: पुसलं तरी चिकट

राप असेल तर आधी लिक्विडचं पाणी. त्यानं भागलं नाही तर टर्पेंटाइन. मेण, तेल, सिलिकॉन असलेला राप पाण्याला जुमानत नाही, टर्पेंटाइननं सुटतो. फडकं ओलसर करून एका वेळी हातभर जागा घ्यायची, लाकडाच्या रेषांच्या दिशेनं पुसायचं, आणि फडक्याची स्वच्छ घडी सतत बदलत राहायचं. माझ्या टेबलाला जुन्या बनियनची सहा फडकी लागली. पहिली चार चहाच्या गाळणीच्या रंगाची झाली, पाचवं फिकट, सहावं जवळजवळ पांढरं. खिडक्या उघड्या ठेवा, आसपास पेटती ज्योत नको, आणि फडकी बाहेर पसरून वाळू द्या. जवसाच्या तेलानं माखलेली फडकी तर कधीच गोळा करून डब्यात कोंबू नका. हवेशी संयोग होताना ते तेल तापतं आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात.

इथे एक घोळ हमखास होतो. कुणी टर्पेंटाइनलाही 'थिनर' म्हणतं, कुणी लॅकरच्या तीव्र द्रावणालाही. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात आणि दोन्हींना वास येतो. पण लॅकरचं थिनर लॅकर पॉलिश विरघळवायलाच बनवलेलं असतं. राप काढायला गेलात आणि ते ओतलंत, तर रापासकट पॉलिशही फडक्यावर येतं. बाटलीवरचं नाव वाचा, वासावर जाऊ नका.

आपल्या फर्निचरवर कुठलं पॉलिश आहे हे ठाऊक नसेल (आणि सहसा नसतंच), तर पायाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे कापसाच्या बोळ्यानं स्पिरिटचा, म्हणजे अल्कोहोलचा, थेंब लावा. मिनिटाभरात जागा चिकट झाली, कापसाला रंग आला, तर ते चपडीचं, म्हणजे लाखेचं पॉलिश. स्पिरिटला दाद दिली नाही पण लॅकर थिनरच्या थेंबानं मऊ पडलं, तर लॅकर. दोन्हींना जुमानलं नाही, तर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा तसलंच पक्कं पॉलिश. ही दोन मिनिटांची चाचणी पुढचे बरेच अपघात टाळते. चपडीच्या टेबलावर सॅनिटायझरची बाटली ठेवली की तळाशी गोल कडं का उमटतं, हेही त्यातच कळतं. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोलच तर असतं.

आता दुसरी शक्यता, थर मऊ पडल्याची. खुर्चीच्या हातांवर, कपाटाच्या मुठीभोवती, पलंगाच्या उशाशी जिथे रोज डोकं टेकतं, अशाच जागा चिकट असतील तर घाम आणि कातडीचं तेल वर्षानुवर्षं मुरून पॉलिश मऊ झालेलं असतं. हे पुसून परत कडक होत नाही. वरचं धुऊन थोडे दिवस बरं वाटतं, इतकंच. तेवढा भाग खरवडून पुन्हा पॉलिश करणं हाच इलाज आहे. तसंच प्लॅस्टिकच्या मऊ चटया आणि रबरी बूच. मऊ पीव्हीसीत घातलेलं मऊपणाचं द्रव्य हळूहळू बाहेर पाझरतं आणि खालच्या पॉलिशमध्ये शिरतं. चटईची नक्षी टेबलावर कायमची उमटते. वस्तूंच्या तळाला लोकरी नमद्याच्या टिकल्या लावाव्यात, पारदर्शक रबरी टिकल्या लावू नयेत.

फवाऱ्याबद्दल माझं मत विचाराल तर पीयू आणि लॅकरच्या फर्निचरला त्याची गरजच नसते. 'लाकडाला पोषण देतो' असं बाटलीवर लिहिलेलं असतं, पण पॉलिशचा अखंड पडदा असेल तर ते तेल लाकडापर्यंत पोचणार कुठून? वर बसून धूळ धरतं. शिवाय त्यात सिलिकॉन असेल तर पुढेमागे पॉलिशवाला नवा हात मारतो तेव्हा पॉलिश माशाच्या डोळ्यांसारखं गोल गोल फाटतं आणि तो तुम्हालाच दोन शब्द सुनावतो. मेण किंवा तेल लावलेल्या, पॉलिशचा पडदा नसलेल्या लाकडाची गोष्ट निराळी. त्याला अधूनमधून तेच मेण, तेच तेल लागतं, पण पातळ हातानं, आणि उरलेलं कोरड्या फडक्यानं पुसून काढून. माझी फवाऱ्याची बाटली अजून अर्धी भरलेली आहे. टाकायला जीव होत नाही, वापरायचा धीर होत नाही.

पांढरं कडं आणि काळं कडं

गरम कप किंवा ओला ग्लास ठेवल्यावर उमटणारं पांढरं कडं म्हणजे पॉलिशच्या आत अडकलेली ओल. लाकडापर्यंत ती पोचलेली नसते. थरात शिरलेल्या बारीक ओलीमुळे उजेड विखुरतो आणि जागा दुधी दिसते. पहिला उपाय: दोन दिवस काही करू नका. कोवळं कडं बऱ्याचदा आपणहून फिकं होतं. राहिलंच तर इस्त्री, वाफ पूर्ण बंद, सगळ्यात कमी आचेवर. कड्यावर सुती फडक्याची घडी, त्यावर इस्त्री चार-पाच सेकंद, की लगेच उचलून बघायचं. घाई केलीत तर कडं जाईल आणि इस्त्रीचा त्रिकोण येईल. चपडीचं पॉलिश उष्णतेनं पटकन मऊ पडतं, त्याला हा प्रयोग करूच नका. तिथे पेट्रोलियम जेली रात्रभर लावून सकाळी टिपून बघा.

टूथपेस्टनं कडं जातं असं सर्रास सांगितलं जातं. जातं खरं, कारण टूथपेस्टमध्ये बारीक खरखरीत पूड असते आणि ती पॉलिशचा वरचा पापुद्रा घासून काढते. पांढऱ्या कड्याऐवजी निस्तेज कडं मिळतं. चकचकीत टेबलावर ते जास्त डोळ्यांत येतं.

काळं कडं हा खालच्या मजल्याचा प्रकार. पाणी पॉलिशच्या भेगेतून थेट लाकडात उतरलं, तिथे लोखंडाचा अंश आणि लाकडातलं टॅनिन यांची गाठ पडली आणि शाईसारखा काळा रंग तयार झाला. कुंडीच्या लोखंडी तिवईखाली हे हमखास होतं. याला वरून काही लागू पडत नाही. पॉलिश काढून उघड्या लाकडावर ऑक्झॅलिक आम्लाचं द्रावण लावावं लागतं. ते विषारी असतं, हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा हवीच. नंतर भरपूर पाण्यानं पुसून पूर्ण वाळवायचं आणि मग नवं पॉलिश. सवय नसेल तर हे काम जाणत्याला द्या.

सोफ्याचा डाग: ओला असताना गायब, वाळल्यावर हजर

मला सगळ्यात जास्त विचारलं जाणारं कोडं हेच. डाग धुतला, कापड स्वच्छ दिसलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी तोच डाग, भोवती तपकिरी किनार घेऊन. माणसाला वाटतं, धुणं कमी पडलं. मग तो आणखी पाणी ओततो.

होतं असं. सांडलेला द्रव कापडातून खालच्या फोममध्ये उतरलेला असतो. आपण वरून पाणी घातलं की उरलासुरला मळही त्याच्या मागे खाली जातो, म्हणून कापड स्वच्छ दिसतं. वाळताना उलट प्रवास सुरू होतो. पाणी वरच्या पृष्ठभागावरून उडतं, खालची ओल वातीत तेल चढावं तशी धाग्यांतून वर येते, येताना विरघळलेला मळ आणते, आणि पाणी उडून गेल्यावर मळ धाग्यांच्या टोकांवर मागे राहतो. किनार गडद दिसते, कारण ओलीची कड तिथे संपते आणि सगळा माल तिथेच उतरतो.

म्हणून इथे पाणी जितकं कमी तितकं बरं. आधी व्हॅक्यूम करा, कारण कोरडी धूळ तशीच ठेवून पाणी लावलं की तिचा चिखल होतो. मग लिक्विडच्या पाण्याचा नुसता फेस घ्या, पाणी नको. पांढऱ्या फडक्यानं डागाच्या बाहेरून आत टिपत या. रगडू नका, धागे पिंजतात आणि ती जागा कायम वेगळी दिसते. मग साध्या पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्यानं दोन-तीनदा टिपून साबण काढा. ही पायरी लोक गाळतात. धाग्यांत राहिलेला साबण चिकट असतो आणि पुढची धूळ तोच धरून ठेवतो, मग 'त्याच जागी लवकर मळतं' ही दुसरी तक्रार सुरू होते.

आता खरी युक्ती. ओल्या जागेवर जाड, कोरड्या, पांढऱ्या टॉवेलची चार पदरी घडी ठेवा, वर प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यावर जाडजूड पुस्तकं. रात्रभर तसंच राहू द्या. वर चढणारी ओल कापडाच्या टोकाशी थांबत नाही, टॉवेलमध्ये जाते आणि मळही तिकडेच उतरतो. सकाळी टॉवेल उघडलात की तुमच्या सोफ्याचा डाग त्यावर दिसेल. पहिल्यांदा बघताना फार समाधान वाटतं, खोटं कशाला सांगू. डाग जुना असेल तर दोन-तीन रात्री लागतात. नंतर पंखा लावून खडखडीत वाळवा. आणि किनार राहू नये म्हणून शेवटचा हलका ओला हात डागापुरता न फिरवता एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत फिरवा.

हे करण्याआधी गादीखालचं किंवा चेनजवळचं लेबल बघा. त्यावर बऱ्याचदा एखादं अक्षर असतं. 'डब्ल्यू' म्हणजे पाण्याचा क्लीनर चालेल. 'एस' म्हणजे पाणी नको, फक्त ड्रायक्लीनिंगचं द्रावण. 'डब्ल्यूएस' म्हणजे दोन्ही चालतील. 'एक्स' म्हणजे फक्त व्हॅक्यूम किंवा ब्रश, बाकी व्यावसायिकाकडे द्या. 'एस'च्या कापडावर वर सांगितलेलं काहीही करू नका.

दगड: डाग नव्हे, खड्डा

संगमरवरावर 'पांढरट डाग' पडलाय आणि कशानंच जात नाही, असं कुणी म्हणालं की मी विचारतो, लिंबू की व्हिनेगर? संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लागलं की त्याची रासायनिक क्रिया होते, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि दगडाचा चकचकीत पृष्ठभाग तेवढा खाल्ला जातो. त्या जागी मळ नसतोच, पॉलिश गेलेलं असतं. जे नाही ते पुसणार कसं? आडव्या उजेडात जागा मंद दिसते आणि बोटाला किंचित खरखरीत लागते. बारीक असेल तर संगमरवराच्या पॉलिशिंग पावडरनं ओल्या फडक्यानं घासून चकाकी परत आणता येते, मोठी असेल तर मशीन. वर सीलर मारला की हे टळतं असा समज आहे, तो चुकीचा. सीलर दगडाच्या छिद्रांत मुरणं थोपवतो, वरून आम्ल खाणं थोपवत नाही.

दगडावर खरा मुरलेला डाग गडद दिसतो. तेलाचा असेल तर खाण्याच्या सोड्याची पाण्यात दाट पेस्ट करून अर्धा सेंटीमीटर जाड थापा, वर प्लॅस्टिक लावून कडा चिकटपट्टीनं बंद करा. २४ तासांनी प्लॅस्टिक काढून पेस्ट पूर्ण कोरडी होऊ द्या, मगच उचला. इथेही सोफ्याचंच तत्त्व आहे, वाळणारी पेस्ट तेल वर ओढते. ओली असतानाच काढली तर सगळी मेहनत फुकट.

ग्रॅनाइट आम्लाला बरंच तोंड देतो, पण त्यालाही सीलर लागतो. पाण्याचा थेंब टाकून १० ते १५ मिनिटं थांबा. खालचा दगड गडद झाला तर सीलर संपलाय.

स्टील, काच, सनमायका

स्टीलवर परत परत गंजाचे ठिपके येत असतील तर आधी तारेची घासणी फेकून द्या. स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून तो पृष्ठभागावर अदृश्य पडदा धरतो. लोखंडी तारेचे सूक्ष्म कण त्या पृष्ठभागात रुतून बसतात आणि गंजतात ते कण. तुम्ही पुन्हा तारेनं घासता, आणखी कण रुततात. ऑक्झॅलिक आम्ल असलेल्या स्टीलच्या पावडरनं रेषांच्या दिशेनं घासा, धुवा, कोरडं करा. ब्लीच स्टीलवर राहू देऊ नका, क्लोरीन तो पडदा भेदतो आणि टाचणीएवढे खड्डे पडतात. ते भरून येत नाहीत.

काचेवरचा पांढुरका पडदा बहुधा कठीण पाण्यातल्या क्षारांचा असतो. पातळ व्हिनेगरचं फडकं दहा मिनिटं चिकटवून ठेवा, जातो. (शेजारी संगमरवर असेल तर सांभाळून.) आरशावर फवारा थेट मारू नका, फडक्यावर मारा. ओघळ खालच्या कडेला साठतो, मागच्या चांदीच्या थरात शिरतो आणि कडा काळ्या पडतात. अॅक्रिलिकच्या पारदर्शक खुर्च्यांना अमोनियाचा काचेचा क्लीनर किंवा स्पिरिट अजिबात नको, आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात.

सनमायका धुरकट दिसत असेल तर तो जवळजवळ नेहमी जादा साबण असतो. नुसत्या पाण्याचे दोन हात द्या. पांढरा 'जादूई' स्पंज मात्र चकचकीत सनमायक्यावर वापरू नका, तो अतिशय बारीक पॉलिशपेपरच आहे.

आणि मायक्रोफायबरची फडकी धुताना सॉफ्टनर घालू नका. धाग्यांवर त्याचा थर बसतो आणि मग फडकं मळ उचलण्याऐवजी पसरवत सुटतं. 'रेषा राहतात' म्हणणाऱ्यांच्या घरी मी आधी फडकंच हुंगतो.

कपाटामागची भिंत

भिंतीवर पांढरी भुकटी आली असेल तर तो लोणा. ओल्या फडक्यानं पुसलात तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात आणि वाळल्यावर परत फुटतात. कोरड्या ब्रशनं झाडून व्हॅक्यूम करा, आणि ओल कुठून येते ते शोधा. काळे-हिरवे ठिपके असतील तर बुरशी. ती पुसून परत येते, कारण भिंत आणि कपाटाची पाठ यांच्यात हवाच खेळत नाही. कपाट निदान पाच सेंटीमीटर पुढे ओढा आणि खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवायचा प्रयत्न करा. याच कामात लोक चिडून दोन बाटल्या एकत्र करतात. ब्लीचमध्ये आम्ल मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो, अमोनिया मिसळला की क्लोरामाइन. दोन्ही फुफ्फुसांना घातक आहेत, आणि बंद बाथरूममध्ये तर फारच.

रेक्झिनचे पापुद्रे

कृत्रिम कातड्याचे पापुद्रे सुटू लागले की लोक क्रीम, तेल, मेण, सगळं लावून बघतात. हे बहुधा पीयूचं असतं, आणि हवेतली आर्द्रता त्या थराचे रेणूच हळूहळू तोडत असते. ती झीज उलटत नाही. खऱ्या कातड्याच्या कंडिशनरला इथे मुरायला कातडंच नसतं. स्पिरिट आणि ओले वाइप्स मात्र ही झीज लवकर दाखवतात. आमच्या दोन खुर्च्यांचे पापुद्रे कपड्यांना चिकटून घरभर फिरायला लागले, तेव्हा मी ते आवरण उसवून काढलं. आतला फोम धडधाकट निघाला. वर जाड सुती कापडाचं कव्हर शिवून घेतलं. चेन मागच्या बाजूला आणि पूर्ण रुंदीची ठेवायला सांगा. पहिल्या कव्हराची चेन अर्धीच होती, ते धुवायला काढताना फोमचा कोपरा फाटला.